एका जादा 'एफ'ची किंमत

नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर चुकवून डोमेन नोंदवायचं आणि वाट चुकून आलेल्यांना जाहिराती दाखवायच्या किंवा ते नाव कंपनीलाच चढ्या भावानं विकायचं, हा धंदा जुना. नोंदणी स्वस्त, म्हणून मोह होतो. पण 'सिफी'चं प्रकरण पाहा. सत्यम इन्फोवेचं डोमेन होतं 'सिफीनेट'. दुसऱ्या कंपनीनं त्यात फक्त एक 'एफ' वाढवून आपलं नोंदवलं. उच्च न्यायालयात ती तरलीही. २००४ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयानं डोमेनला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण देत निकाल फिरवला. अमेरिकेत तर १९९९ च्या कायद्यानुसार एका डोमेनमागे एक लाख डॉलरपर्यंत भरपाई द्यावी लागू शकते. तेव्हा गुंतवणूक म्हणून हा सौदा आतबट्ट्याचाच. पैसे घालायचेच तर स्वतःच्या दुकानाच्या नावाची एक-दोन चुकीची स्पेलिंगं नोंदवून ठेवा.