बिनकाट्याचा निवडुंग : उन्हाळ्यात कोकरांना चारा की नुसतं पाणी?

दिवाळी सरली की घाटमाथ्यापलीकडचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. कारण एकच, चारा आणि पाणी. जे कळप माणदेशासारख्या कमी पावसाच्या भागातच राहतात, त्यांच्यापुढे मार्च ते जून हाच प्रश्न असतो. यावर उपाय म्हणून सध्या बिनकाट्याच्या निवडुंगाची चर्चा आहे. वाढत्या कोकरांना तो पुरतो का?

हा निवडुंग कोणता?

बांधावरच्या काटेरी फड्या निवडुंगाचाच हा भाऊबंद. मूळ मेक्सिकोचा. ब्राझीलचा ईशान्य भाग आणि ट्युनिशियासारख्या कोरड्या प्रदेशांत तो जनावरांना घातला जातो. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या उरुळी कांचन येथे 'बाएफ' संस्थेने चाऱ्यासाठी त्याची लागवड केली आहे.

पाण्याविना कसा तगतो?

बहुतेक झाडांची पर्णरंध्रे दिवसा उघडी असतात आणि उन्हात पाणी उडून जातं. निवडुंग ती रात्री, गारव्यात उघडतो. त्यामुळे कमी पाण्यात जास्त चारा तयार होतो.

मग अडचण काय?

निवडुंगाच्या फड्यात साधारण 85 ते 90 टक्के पाणी असतं. उरलेल्या कोरड्या भागात प्रथिनं जेमतेम 4 ते 8 टक्के. वाढत्या कोकराच्या आहारात मात्र 12 ते 14 टक्के प्रथिनं लागतात. तंतूही कमी असल्याने नुसता निवडुंग घातला तर लेंड्या पातळ होतात. पोट भरलेलं दिसतं, वजन वाढत नाही.

हिशेब समजून घ्या

15 किलोच्या कोकराला दिवसाला सुमारे 600 ग्रॅम कोरडा आहार आणि त्यात 78 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत, असं धरू.

• 2 किलो ओला निवडुंग : कोरडा भाग 200 ग्रॅम, प्रथिनं सुमारे 12 ग्रॅम
• 200 ग्रॅम कडब्याची कुट्टी : सुमारे 8 ग्रॅम
• 100 ग्रॅम शेंगदाणा पेंड : सुमारे 42 ग्रॅम
• सुबाभळीचा पाला, वाळवून 100 ग्रॅम : सुमारे 20 ग्रॅम

बेरीज 82 ग्रॅम. म्हणजे प्रथिनांचा भार पेंड आणि पाल्यावर आहे. निवडुंग ऊर्जा देतो आणि पाणी. 2 किलो निवडुंगातून पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी पोटात जातं. टँकरवर जगणाऱ्या गावात हा फायदा लहान नाही. तरी पिण्याचं पाणी समोर ठेवायलाच हवं.

खाऊ घालताना

• फडे बारीक कापून कुट्टीत मिसळा.
• प्रमाण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा.
• निवडुंगात कॅल्शियम भरपूर, पण फॉस्फरस आणि सोडियम कमी. खनिज मिश्रण आणि मीठ द्या.
• बांधावरचा काटेरी निवडुंग तसाच घालू नका, तोंडाला आणि जिभेला जखमा होतात.

लागवड कुठे जमेल?

कापलेला फडा दहा-पंधरा दिवस सावलीत सुकवून, खालचा भाग मातीत जाईल असा उभा लावतात. हलकी, निचऱ्याची जमीन चालते. पाणी साचलं की तो कुजतो. त्यामुळे पनवेल-उरणच्या खाचरांपेक्षा माण, जत, आटपाडीचा माळ त्याला मानवतो. मात्र काटे नसल्याने राखणही नाही. कुंपण नसेल तर मोकाट जनावरं रोपच संपवतात.

फायदा कुणाला?

ज्याच्याकडे थोडा माळ आणि कुंपण आहे, त्या मेंढपाळाला आज लावलेला निवडुंग पुढच्या उन्हाळ्यांत कामी येईल. वर्षभर फिरणाऱ्या, जमीन नसलेल्या मेंढपाळासाठी गायरान किंवा पाणलोटाच्या सामाईक जमिनीवर लागवड झाली तरच त्याचा उपयोग. पेंडीचा खर्च मात्र दोघांनाही चुकत नाही.