हिपॅटायटिस बी : रिपोर्ट चांगला आला तरी गोळी का सोडायची नाही?

"रक्तात विषाणू दिसत नाही असं डॉक्टर म्हणाले, मग गोळी कशाला?" हिपॅटायटिस बी, म्हणजे ब प्रकारच्या काविळीचा उपचार घेणारे आम्हाला हे हमखास विचारतात. याचे उत्तर प्रयोगशाळेत सापडते.

हा विषाणू मुख्यतः माणसाच्या यकृतातच वाढतो. साध्या उंदराला त्याची लागण होत नाही. मग औषध तपासायचे कशावर? १९७८ मध्ये अमेरिकेत वुडचक नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्यात, आणि १९८० मध्ये बदकांत, या विषाणूचे भाऊबंद सापडले. १९८२ मध्ये समर्स आणि मेसन या शास्त्रज्ञांनी बदकांच्या यकृतावरून दाखवले, की हा विषाणू आधी कच्ची प्रत काढतो आणि तिच्यावरून पक्की प्रत बनवतो. एचआयव्हीसुद्धा असेच उलटे काम करतो. म्हणूनच एचआयव्हीवरची लॅमिव्हुडिन, टेनोफोविर ही औषधे या आजारालाही लागू पडली.

१९८७ मध्ये माणसाच्या यकृताच्या गाठीतून वाढवलेल्या पेशींमध्ये हा विषाणू तयार करता आला. औषध किती प्रती रोखते, हे त्यामुळे काचेच्या बशीत मोजता येऊ लागले. २०१२ मध्ये बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी विषाणू यकृताच्या पेशीत कोणत्या दारातून शिरतो तेही शोधले. आता ते दार बसवलेल्या पेशींवर नवी औषधे तपासली जातात.

या अभ्यासातून कळलेली मोठी गोष्ट अशी : विषाणू आपला मूळ साचा पेशीच्या केंद्रात दडवून ठेवतो. आजच्या गोळ्या प्रती काढणे थांबवतात, साचा मोडत नाहीत. म्हणून रिपोर्ट चांगला येतो, पण गोळी सोडली की छपाई पुन्हा सुरू होऊ शकते. कधी यकृताला एकदम सूज येऊन जिवावर बेतते.

म्हणून आमचे सांगणे :

गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. रिपोर्ट चांगला असला तरी तपासणीला जात राहा.

घरातल्या सगळ्यांची रक्ततपासणी करा. ज्यांना लागण नाही त्यांना लस द्या. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस मिळालाच पाहिजे. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. सरकारी रुग्णालयात विचारा.

हा आजार रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्याने होत नाही. तेव्हा घरातल्या रुग्णाचा पेला वेगळा ठेवू नका. ब्लेड आणि टूथब्रश मात्र ज्याचा त्याचा वेगळा असू द्या.