कढई आणि तंदूर

दिल्लीच्या खाद्यपदार्थांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. कोणत्या गल्लीत कोणता जिन्नस उत्तम मिळतो, हे सांगणारे रसिकही त्या शहरात घरोघर भेटतात. परंतु एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. एखाद्या वस्तीतील माणसांनी घराबाहेर काय खावे, हे ठरविते कोण? जीभ ठरविते, असे उत्तर आपण चटकन देऊन टाकतो. शाहजहानने वसविलेल्या जुन्या दिल्लीत चांदणी चौकातून जामा मशिदीवरून दर्यागंजापर्यंत पायी गेले, म्हणजे हे उत्तर अपुरे वाटू लागते. वाट फार लांबची नाही. पण तेवढ्यात चूल बदलते, आणि कोणी कोणाच्या हातचे खावे याचा नियमही बदलतो.

चांदणी चौकाच्या बाजूस सकाळी प्रथम दृष्टीस पडते ती हलवायाची कढई. उडदाच्या डाळीचे सारण भरलेली बेडमी पुरी आणि तिच्याबरोबर बटाट्याची रस्सेदार भाजी, नागोरी नावाची रव्याची लहानशी खुसखुशीत पुरी आणि तिच्याबरोबर शिरा, असा हा न्याहारीचा थाट असतो. येथून जवळच प्रसिद्ध पराठेवाली गल्ली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे पराठ्यांची दुकाने आहेत. आता त्यांतली थोडीच उरली आहेत. महाराष्ट्रीय पाहुणा तेथे जरा बुचकळ्यात पडतो. तव्यावर तूप सोडून भाजलेला पराठा त्याला अपेक्षित असतो. येथे तो लोखंडी कढईत पुरीसारखा तळून निघतो. सोबत भोपळ्याची भाजी आणि चिंचेची गोड चटणी. कांदालसूण मात्र वर्ज्य.

हा तळण्याचा आग्रह केवळ चवीचा नव्हे. उत्तर हिंदुस्थानात रांधलेल्या अन्नाचे 'कच्चे' आणि 'पक्के' असे दोन वर्ग मानीत. पाण्यात शिजलेला भात, डाळ, तव्यावरची साधी पोळी हे कच्चे अन्न. ते आपल्या घरचे, आपल्या जातीच्या किंवा आपल्याहून उच्च मानलेल्या जातीच्या हातचेच चालावयाचे. तुपात तळलेले ते पक्के; त्याला विटाळाची बाधा कमी, म्हणून ते बाजारातले घेतले तरी चाले. आपल्याकडेही पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या प्रवासात सोवळ्या माणसास चालत, त्यामागे हाच विचार होता. हलवायाची कढई म्हणजे बाजारातले अन्न शास्त्राच्या चौकटीत बसविण्याची एक युक्तीच होती, आणि गल्लीतला पराठा ही, माझ्या मते, बाजारात बसण्यायोग्य झालेली पोळी होय.

ही युक्ती सर्वांच्या उपयोगाची मात्र नव्हती. ज्यांचा स्पर्शच निषिद्ध मानला होता, त्यांना दुकानाची पायरी चढण्याची मुभा नसे. १९४० नंतरच्या दशकातही रेल्वे स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगवेगळे मिळत असे. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे, तो उगाच नव्हे.

आता जामा मशिदीच्या बाजूस वळू. येथे कढईची जागा तंदूर घेतो. मटिया महालच्या नानबाईंकडे आंबवलेल्या पिठाची खमिरी रोटी, दुधातली किंचित गोड शीरमाल आणि जाडसर बाकरखानी मिळते. रात्रभर मंद आचेवर शिजलेली निहारी सकाळीच विकली जाते. गल्ली कबाबियाँमधले करीमचे उपाहारगृह १९१३ सालचे. या वस्तीत पाण्यात मळलेल्या पिठाची रोटी विकत घेऊन खाण्यात संकोच कधीच नव्हता. येथे ती पिढ्यान् पिढ्या बाजारातूनच घरी येत आली आहे.

तंदुराचा स्वभावही याला अनुकूल आहे. मातीचा हा रांजण निखाऱ्यांनी तापविण्यास बराच वेळ आणि पुष्कळ इंधन लागते. एकदा तो तापला, की भिंतीला थापलेली रोटी एकदोन मिनिटांत तयार होते आणि शंभर रोट्या त्याच तापावर निघतात. चार माणसांच्या कुटुंबाला ही चूल परवडण्यासारखी नाही. म्हणूनच पंजाबच्या खेड्यांत 'साँझा चूल्हा', म्हणजे सामायिक चूल, असे. बायका घरून पीठ मळून आणीत आणि तेथे रोट्या लावीत.

१९४७ साली ही चूल दिल्लीस आली. फाळणीमुळे सुमारे पाच लाख निर्वासित या शहरात आले. १९४१ साली सव्वानऊ लाखांच्या आत असलेली दिल्लीची वस्ती १९५१ साली साडेसतरा लाखांच्या आसपास गेली. एका खोलीत दोनदोन कुटुंबे राहत असता स्वयंपाकघर कोठून आणावे? मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर तंदूर पेटला. घरून परात घेऊन यावे आणि रोटीमागे थोडे पैसे द्यावेत, अशी वहिवाट पडली. त्याच वर्षी पेशावरहून आलेल्या मंडळींनी दर्यागंजात मोती महल हे उपाहारगृह काढले. लोण्यातल्या कोंबडीचा शोध नेमका कोणी लावला, याचा वाद २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाला आहे. तो न्यायाधीशांवर सोपवू. मला महत्त्व वाटते ते त्या साध्या रोटीचे. जुन्या शहरातील हिंदू गिऱ्हाईक ज्या रोटीस बाजारात शिवत नसे, ती ढाब्यावर बसून, कोणी भाजली याची चौकशी न करता खाल्ली जाऊ लागली. घर गमावलेल्या माणसाला अशी चौकशी परवडत नव्हती हे खरेच. शिवाय लंगरात सर्वांनी एका पंगतीत जेवावे ही रीत पंजाबने आधीच अंगवळणी पाडली होती. चांदणी चौकातल्याच सीसगंज गुरुद्वारात ती आजही पाहावयास मिळते. जातिभेद एवढ्याने संपला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण एक कुंपण पडले.

बेकरीचीही येथे एक सामायिक रीत आहे. कॅनॉट प्लेसमधले वेंगर्स हे १९२६ साली एका स्विस दांपत्याने स्थापन केलेले दुकान साहेबी वळणाचे. तेथे तयार केक घ्यावा आणि चालू लागावे. जुन्या वस्तीतल्या भट्टीवर मात्र गिऱ्हाईक स्वतःचे पीठ, तूप, साखर देऊन डोळ्यांदेखत बिस्किटे भाजून घेते. दिवाळीत नानकटाईचे ताट बेकरीत नेणाऱ्या आपल्या गृहिणींना यात नवल वाटणार नाही.

सामायिक तंदूर आता विरळ झाले आहेत. घरोघर गॅस आला, जागा महाग झाली. २०१७ सालापासून राजधानी परिसरात हवा बिघडली, की टप्प्याटप्प्याने निर्बंध लागू होतात, आणि पहिल्याच टप्प्यात हॉटेले व उघड्यावरच्या खानावळी यांच्या तंदुरांत कोळसा व लाकूड जाळण्यास मनाई असते. या नियमाला नाक मुरडणे मला पटत नाही. तो धूर सर्वांत आधी तंदुरासमोर बसणाऱ्याच्याच छातीत जातो. परंतु मोठ्या हॉटेलास विजेचा किंवा गॅसचा तंदूर बसविणे सोपे असते. भिंतीच्या आडोशाला एकच रांजण पुरून बसलेल्या माणसाला तसे करणे सोपे नाही. हवा बहुधा हिवाळ्यात बिघडते, आणि गरम रोटीला गिऱ्हाईकही हिवाळ्यातच अधिक असते.