डाव्या खांद्यासाठी ठासणीची बंदूक

ठासणीच्या बंदुकीत दारू दोनदा पेटते. आधी बाहेर, नळीच्या बाजूला, चिमूटभर. मग आत, नळीच्या बुडाशी, मापाने भरलेली. आतली आग गोळीला पुढे ढकलते. बाहेरची आग उघड्यावर, नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्यापासून वीत-दीड वीत अंतरावर भडकते. ती कोणत्या अंगाला भडकते, यावरून बंदूक उजव्या खांद्याची की डाव्या खांद्याची हे ठरतं. डावखुऱ्या नेमबाजाने पारंपरिक ठासणीची रायफल शोधताना किंमत, लाकूड, नक्षी हे सगळं नंतर पाहावं. आधी ही बाहेरची आग समजून घ्यावी.

कोकणात आणि गोव्यात पिकांच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका अनेकांनी पाहिलेल्या असतात. पण डावखुऱ्यांसाठी वेगळी बंदूक मागता येईल असा बाजार खऱ्या अर्थाने उभा राहिला तो अमेरिकेत. तिथे १९३३ मध्ये ठासणीच्या रायफली चालवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या छोट्या गावी तिच्या स्पर्धा भरतात. १९५४ मध्ये टेनेसीतल्या युनियन सिटीत डिक्सी गन वर्क्स सुरू झालं आणि जुन्या घडणीच्या बंदुका, सुटे भाग टपालाने घरपोच मिळू लागले. पेन्सिल्व्हेनियात १९७४ पासून नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा एक खास हंगाम असतो आणि त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. अशा ठिकाणी डावखुऱ्याची अडचण लगेच लक्षात येते.

बार कसा उडतो

चकमकीच्या रायफलीत नळीच्या तोंडातून आधी दारू ओततात. अर्धा इंच व्यासाच्या, म्हणजे पन्नास कॅलिबरच्या नळीला साठ ग्रेनच्या आसपास काळी दारू हे नेहमीचं माप. वजनात ती चार ग्रॅमही भरत नाही. त्यावर तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी ठेवून ती गजाने थेट दारूला टेकेपर्यंत ठासतात. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते. चिंधी ती फट भरून काढते आणि नळीतल्या पिळाच्या खाचा पकडून गोळीला फिरकी देते.

आता बाहेरची बाजू. नळीच्या बुडाजवळ एक बारीक भोक असतं, तो बंदुकीचा कान. कानाला लागून लोखंडी वाटी, वाटीत चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक. वाटीवर पोलादी झडप असते आणि मागे गारगोटी चिमटीत धरलेला घोडा. चाप ओढला की घोडा झेपावतो, गारगोटी झडपेच्या पोलादावर घासते, झडप पुढे उघडते आणि ठिणग्या वाटीत पडतात. रंजक भपकन पेटते, तिची धग कानातून आत शिरते आणि बार उडतो. घोडा, झडप, वाटी आणि आतल्या स्प्रिंगा ज्या पोलादी पट्टीवर बसवलेल्या असतात, त्या सगळ्या यंत्रणेला मिळून लॉक म्हणतात.

हे लॉक जवळपास प्रत्येक जुन्या बंदुकीत उजव्या अंगाला असतं. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकतो, त्यामुळे चेहरा आणि आग यांच्यामध्ये लाकूड आणि नळी येते. तीच बंदूक डाव्या खांद्याला लावली की गाल लॉकच्या अंगाला येतो. रंजकेची ज्वाळा, धूर आणि गारगोटीचे कण यांच्यात आणि डोळ्यात काहीच आड राहत नाही. कानातून बाजूला उसळणारी फुंकही नळी पेलणाऱ्या उजव्या हाताच्या अंगालाच निघते. तरी उजवी बंदूक डाव्या खांद्यावरून चालवणारे बरेच आहेत. मात्र डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, आणि भपका झाला तरी पापणी न लववता नेम धरून ठेवायची सवय लावून घ्यावी लागते. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत क्षणभर वेळ जातो. त्या क्षणात मान हलली की गोळी भलतीकडे जाते.

सगळ्या उजव्याच का

याचं मोठं कारण सैन्यात सापडतं. अठराव्या शतकातलं पायदळ खांद्याला खांदा लावून रांगेत उभं राहायचं आणि हुकमाबरोबर सगळे एकाच तालात बार भरायचे. ब्रिटिशांची ब्राऊन बेस असो की फ्रेंचांची शार्लव्हिल, सरकारी साचा एकच होता. त्यात एखाद्यासाठी उलटी बंदूक बनवणं ना कारखान्याला परवडणारं होतं, ना कवायतीला. डावखुऱ्या शिपायाला उजव्या खांद्यानेच शिकावं लागे.

पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात जर्मन कारागिरांनी आपल्या आखूड शिकारी रायफलीला लांब नळी देऊन जी अमेरिकन लाँगरायफल घडवली, तिच्यावर असं सरकारी बंधन नव्हतं. ती एकेका गिऱ्हाईकासाठी बनायची, त्यामुळे मूळ काळातल्या डाव्या लॉकच्या रायफली सापडतात, पण फारच थोड्या. लॉक अनेकदा तयार विकत आणलं जाई आणि विक्रीला येणारी लॉकं बहुतेक उजवी असत.

तरीही डावं लॉक बनवणं कारागिरांना नवं नव्हतं. दोन नळ्या शेजारी शेजारी असलेल्या बंदुकीत उजव्या नळीला उजवं आणि डाव्या नळीला डावं लॉक लागतंच. म्हणजे जिथे जिथे दुनळी बनत होती, तिथे तिथे डावं लॉकही बनत होतं. एकनळीवर मात्र ते क्वचितच चढलं.

उजवं-डावं नेमकं कशात

डावी रायफल शोधणाऱ्याने बंदुकीचे भाग मनातल्या मनात सुटे करून पाहावेत. बऱ्याच भागांना उजवं-डावं नसतंच. अष्टकोनी नळी दोन्हीकडून सारखी असते, कान कोणत्या पैलूला पाडायचा तेवढाच प्रश्न. पुढची माशी, मागची खाच, गज, चापाभोवतीची कडी, बहुतेक चाप, हे सगळं नळीच्या मध्यरेषेवर बसतं.

हात बदलला की खरोखर बदलतात ते तीन भाग. पहिला लॉक. त्याची पट्टी, घोडा, झडप, वाटी आणि आतले बरेच बारीक भाग आरशात दिसावेत तसे उलटे लागतात. हे भाग साच्यातून ओतलेले असतात, म्हणून डाव्या लॉकला साचेही वेगळे करावे लागतात आणि गिऱ्हाईक थोडं असल्याने मोजकेच नमुने निघतात. दुसरा भाग दस्ता. उजव्या बंदुकीत गाल टेकवायचा उंचवटा डाव्या अंगाला असतो आणि चिंध्या ठेवायची झाकणाची पेटी उजव्या अंगाला. डाव्या बंदुकीत याची अदलाबदल हवी. तिसरी गोष्ट फोटोत सहज दिसत नाही. डोळा माशीच्या रेषेत सहज यावा म्हणून अनेक चांगल्या रायफलींचा दस्ता नळीच्या सरळ रेषेपासून किंचित बाहेर कललेला असतो. उजव्यासाठी तो उजवीकडे कलतो. डावखुऱ्याने तसा दस्ता खांद्याला लावला तर मान अवघडते आणि डोळा रेषेत येत नाही. काही कारखानी रायफलींचे दस्ते सरळच असतात, आणि तिथे हा त्रास कमी होतो.

उजवी बंदूक घेऊन नंतर डावी करून घेऊ, हा बेत मात्र सोडून द्यावा. लॉक बसायची खाच लाकडात उजव्या अंगाला कोरलेली असते, जुना कान बुजवून विरुद्ध पैलूला नवा पाडावा लागतो आणि दस्ता तर चुकीचाच राहतो. इतकं करायचं तर नवी बंदूक बनवणं सोपं.

आधी डोळा, मग दुकान

लिहिता हात डावा असला म्हणून बंदूक डावीच लागेल असं नाही. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि फलंदाजी करायचा उजव्या. नेमबाजीत निर्णय करतो तो प्रबळ डोळा. दोन्ही हात पुढे लांबवून तळव्यांमध्ये लहान फट ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरची एखादी वस्तू पाहा. मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना वस्तू फटीतच राहते, तो प्रबळ. तो डावा निघाला तर खांदा डावा, मग लिहिता हात कोणताही असो. तो उजवा निघाला तर डावखुऱ्यानेही आधी साधी उजवी बंदूक काही दिवस चालवून पाहावी.

डावीच हवी असं ठरलं की चार वाटा उरतात.

पहिली वाट टोपीच्या रायफलीची. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथने १८०७ मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही दशकांत तांब्याची छोटी टोपी प्रचारात आली. कानाऐवजी पोकळ खुंटी, खुंटीवर टोपी आणि वर आदळणारा घोडा. उघडी वाटी नसल्याने भपका कमी आणि घोड्याचं खोलगट तोंड टोपीला बऱ्यापैकी झाकतं. ज्याला डावी बंदूक लगेच मिळत नाही, त्याला उजवी टोपीची रायफल चष्मा लावून चालवणं चकमकीपेक्षा सुसह्य जातं. टोपीचे तुकडे उडू शकतात, म्हणून चष्मा इथेही सुटत नाही.

दुसरी वाट कारखान्यातल्या डाव्या रायफलींची. सेंट लुइसच्या जेकब आणि सॅम्युएल हॉकेन या भावांनी डोंगरी शिकाऱ्यांसाठी ज्या आखूड, दणकट रायफली बनवल्या, त्यांचं नाव घेऊन थॉम्पसन सेंटरने १९७० मध्ये आपली हॉकेन बाजारात आणली. तिची डावी आवृत्तीही निघाली. लायमनची इटलीत बनलेली ग्रेट प्लेन्स रायफल डावखुऱ्यांसाठीही निघाली. या दोघींत निवड करताना नळीतला पीळ पाहावा. थॉम्पसन सेंटरच्या हॉकेनमध्ये ४८ इंचांत एक फेरा असतो. तो गोल गोळी आणि लांबट गोळी दोघींना चालवून घेणारा मधला मार्ग. ग्रेट प्लेन्समध्ये ६० इंचांत एक फेरा, तो चिंधीतल्या गोल गोळीसाठी. जुन्या पद्धतीनेच नेमबाजी करायची असेल तर सावकाश पीळ बरा.

तिसरी वाट घोडा खाली असलेल्या रायफलीची. एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये, विशेषतः व्हरमाँटमध्ये, अशा बंदुका बनत. खुंटी नळीच्या पोटाला आणि घोडा चापाच्या पुढे, त्यामुळे आग खाली होते आणि दोन्ही खांद्यांना बंदूक सारखीच. अस्सल जुन्या काळातला हा प्रकार डावखुऱ्यांच्या लक्षात मात्र उशिरा येतो.

चौथी वाट कारागिराकडून घडवून घेण्याची, किंवा सुटे भाग आणून स्वतः जोडण्याची. उत्तर कॅरोलिनातले जिम चेंबर्स आणि दक्षिण कॅरोलिनातली एल अँड आर ही लॉक बनवणारी नावं जाणकारांच्या ओळखीची आहेत आणि दोघांकडे काही नमुने डाव्या हाताचेही मिळतात. म्हणून इथे क्रम उलटा लावावा. आधी डावं लॉक कोणतं मिळतंय ते पाहावं, मग त्या लॉकला शोभेल अशा काळाची आणि प्रांताची रायफल ठरवावी. आवडती रायफल आधी ठरवून तिला डावं लॉक शोधत बसणाऱ्याला बहुधा थांबावंच लागतं. दस्त्याचं तसं नाही. कोऱ्या मेपलच्या किंवा अक्रोडाच्या फळीतून कारागीर तो कोणत्याही बाजूचा कोरतो, आणि संगणकावर चालणाऱ्या यंत्राला तर आराखडा उलटा करून देता येतो.

जुनी घेताना

वापरलेली रायफल फोटोवरून पाहताना एक खूण लक्षात ठेवावी. नळीचं तोंड तुमच्या डावीकडे असून लॉक समोर दिसत असेल तर बंदूक डावी. तोंड उजवीकडे असून लॉक दिसत असेल तर उजवी. फोटो उलटा छापला गेला असेल अशी शंका आली तर नळीवरची अक्षरं वाचून पाहावीत.

हातात आल्यावर पहिली गोष्ट, ती भरलेली नाही याची खात्री. गज नळीत बुडापर्यंत घालून खूण करावी आणि तोच गज नळीच्या बाहेर धरून ताडावा. तो कानाच्या अलीकडेच अडत असेल तर आत जुना बार असू शकतो. मग घोडा अर्ध्या खाचेवर ठेवून चाप दाबून पाहावा. घोडा पडला तर लॉक दुरुस्तीशिवाय घेऊ नये. चकमकीची असेल तर झडपेवर ठिणग्या भरपूर पडतात का ते पाहावं. नळीत तेलकट चिंधी फिरवली की गंजाचे खडबडीत पट्टे हाताला कळतात.

चालवताना दारू काळीच हवी. धूररहित आधुनिक दारू भरली तर नळी फुटते. काळ्या दारूचे नवे पर्याय टोपीखाली पेटतात, पण चकमकीच्या वाटीत ते भरवशाने पेटत नाहीत. स्पर्धेच्या रांगेत डाव्या बंदुकीची फुंक डावीकडच्या शेजाऱ्याकडे जाते, म्हणून वाटीपाशी पितळी आड लावतात किंवा डावखुऱ्याला रांगेच्या डाव्या टोकाला उभं करतात.

कायद्याचं अंतरही लक्षात असू द्यावं. अमेरिकेत १९६८च्या संघीय कायद्याने जुन्या घडणीच्या ठासणीच्या बंदुका सामान्य बंदुकांच्या व्याख्येतून बाहेर ठेवल्या, पण राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत आणि तिथे राहणाऱ्या मराठी माणसाने ते स्वतः तपासावेत. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. तिकडे हौसेने घेतलेली रायफल सामानात घालून इकडे आणता येत नाही.

खर्चाचं बोलायचं तर हात आखडायचाच झाला तर पितळी नक्षीत आणि लाकडाच्या रेषांत आखडावा. डावं लॉक चांगलं ठिणगी देणारं असावं आणि दस्ता तुमच्या गालाला, तुमच्या डोळ्याला बसणारा असावा. या दोन गोष्टी जमल्या तर साधी, बिननक्षीची रायफलही वर्षानुवर्षं साथ देते. या दोन चुकल्या तर कितीही देखणी बंदूक असली तरी प्रत्येक बाराला मान मागे खेचली जाते.