चार पर्यायांतली इंग्रजी

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे. त्यातला इंग्रजीचा पेपर ३०० गुणांचा. गुणवत्ता यादीत ते गुण धरले जात नाहीत, २५ टक्के मिळाले की पुरे. तरीही अभ्यासिकांमध्ये त्याची धास्ती आहे, कारण हा पेपर हाताने लिहायचा आहे. नवी पद्धत पुढे ढकलावी म्हणून २०२३च्या सुरुवातीला पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारीत आयोगाने ती २०२५पर्यंत लांबवली. त्या मागणीचं मूळ इंग्रजीत नव्हतं, मुलांना तयारीसाठी वेळ हवा होता. पण इंग्रजीपुरतं बोलायचं, तर ही धास्ती पंचवीस वर्षांत हळूहळू साठत आली आहे.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली ती २०००च्या जूनमध्ये. त्याआधी मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजी मुळाक्षरं पाचवीत भेटत. त्यामुळे नव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्पर्धा परीक्षांना बसलेली जवळजवळ सगळी मराठी माध्यमाची मुलं पाचवीपासूनच्या इंग्रजीवर आलेली होती. त्यांच्या हातात ‘रेन अँड मार्टिन’ किंवा ‘पाल अँड सुरी’ यांचं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक असे. घरात कोणी जुनं शिकलेलं असेल तर तर्खडकरांची भाषांतर पाठमालाही निघे. सोबत एक लांब वही असायची: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. त्या वहीवर मुलांनी किती रात्री घालवल्या, ते मी पाहिलं आहे. त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पुढची वर्षं बहुपर्यायी प्रश्नांची. राज्यसेवा मुख्य परीक्षेचा मोठा भाग २०१२पासून बहुपर्यायी झाला. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर परीक्षेत दुसऱ्या टप्प्यावर इंग्रजीचे २०० प्रश्न असत आणि त्यातले चाळीसहून अधिक फक्त प्रयोग बदला, कथन बदला याच प्रकारचे. अशा परीक्षेला सरावाचा भरपूर फायदा होतो. ‘नो सूनर’ दिसलं की पुढे ‘दॅन’, ‘हार्डली’ दिसलं की ‘व्हेन’, ‘वन ऑफ द’नंतर नाम अनेकवचनी पण क्रियापद एकवचनी. चार तुकड्यांत तोडलेल्या वाक्यातली चूक आमची मुलं काही सेकंदांत दाखवत. बार्शीची असोत की किनवटची, या प्रश्नांत ती शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मागे टाकत. इंग्रजी माध्यमाचं मूल कानाला बरं वाटेल ते निवडतं, यांच्याकडे नियम असे.

याच मराठी माध्यमाच्या मुलाला कोरा कागद दिला की हात थांबे. यामागे बुद्धीची उणीव नाही. मराठीत ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ ही उपपदं नाहीत. ‘इन’, ‘ऑन’, ‘अ‍ॅट’ यांचं काम आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं करतात, तीही नामाच्या मागून. प्रश्नपत्रिकेत एकच जागा रिकामी असते आणि तिथे काहीतरी भरायचं आहे हे आधीच कळलेलं असतं. स्वतः वाक्य लिहिताना मात्र प्रत्येक नामापुढे निर्णय घ्यावा लागतो, आणि जागा रिकामी राहिली हे सांगायला कोणी नसतं. चूक ओळखण्याचा सराव वर्षानुवर्षं झाला, वाक्य रचण्याचा झालाच नाही.

वाक्प्रचारांचं याहून वाईट झालं. ‘वाइल्ड गूज चेस’, ‘रेड हेरिंग’, ‘बर्न द मिडनाइट ऑइल’ जुन्या प्रश्नपत्रिकांमधून पुन्हा पुन्हा येत, म्हणून त्यांच्या याद्या झाल्या आणि याद्यांची पुस्तकं. शब्दसमूहाबद्दल एक शब्द, तसंच. गुण मिळत, नाकारता येणार नाही. पण कोणत्या वाक्यात, कोणाच्या तोंडी तो वाक्प्रचार शोभतो हे यादीतून कळत नाही, आणि परीक्षा संपली की यादी विस्मरणात जाई.

एका पुस्तकाचा अनुभव मात्र वेगळा होता. नॉर्मन लुईस यांचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ १९४९ सालचं, अमेरिकी वाचकांसाठी लिहिलेलं. त्यात शब्द ग्रीक आणि लॅटिन मुळांवरून शिकवले आहेत. शाळेत संस्कृतचे धातू आणि उपसर्ग शिकलेल्या, ‘हार’वरून आहार, विहार, प्रहार, संहार झालेले पाहिलेल्या मुलांना ही रीत ओळखीची वाटे. ‘फिल’ म्हणजे आवड, ‘अँथ्रोप’ म्हणजे माणूस हे एकदा समजलं की पुढचे शब्द ती स्वतः फोडत. शब्दसंग्रह शिकवण्याचा याहून चांगला मार्ग मराठी मुलांसाठी मला आजही दिसत नाही.

केंद्रीय लोकसेवा आयोगाकडे याच काळात इंग्रजीवरून दोनदा वाद पेटला. कोठारी समितीच्या शिफारशीनंतर १९७९पासून भारतीय भाषांत उत्तरं लिहिता येत होती आणि इंग्रजी फक्त उत्तीर्ण होण्यापुरती होती. मार्च २०१३मध्ये इंग्रजीचे १०० गुण गुणवत्तेत धरण्याची अधिसूचना निघाली. महाराष्ट्रासह देशभर विरोध झाला, संसदेत गदारोळ झाला आणि ती मागे घ्यावी लागली. २०११मध्ये आलेल्या ‘सीसॅट’ या अभियोग्यता चाचणीतल्या इंग्रजी उताऱ्यांवरून २०१४च्या उन्हाळ्यात दिल्लीत मुलं पुन्हा रस्त्यावर आली आणि त्या उताऱ्यांचे गुण न धरण्याचा निर्णय झाला. दोन्ही निर्णय योग्यच होते. अधिकाऱ्याला इंग्रजी यायला हवी, पण शाळा कोणत्या माध्यमाची होती यावरून त्याचा क्रमांक ठरू नये.

बँकांच्या परीक्षा आयबीपीएसकडून एकत्र होऊ लागल्या त्या २०११पासून. तिथे सुटे शब्दार्थ कमी होत गेले. उतारे, विस्कटलेल्या वाक्यांची जुळणी आणि गाळलेल्या जागांचे परिच्छेद वाढले. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचणारी मुलं इथे पुढे गेली. पाठांतरावर विसंबलेली अडखळली. २०१६नंतर मोबाइलवर डेटा स्वस्त झाला आणि उत्तम शिक्षक गडचिरोलीपर्यंत पोचले, ही मोठी गोष्ट आहे. त्यासोबत पीडीएफही आल्या: रोजचे दहा शब्द, महिन्याचे तीनशे. जुनी लांब वही निदान स्वतःच्या हाताने लिहिलेली असे.

राज्यसेवेत आता पुन्हा सारांश आणि निबंध लिहायचे आहेत. दोन-चार जणांचे गट करून मुलं एकमेकांना लिहिलेलं दाखवू लागली आहेत, पण चूक पकडायची तर गटात निदान एकाला ती दिसायला हवी. तालुक्याच्या गावात आज अभ्यासिका आहे, टेस्ट सिरीज आहे, वाय-फाय आहे. इंग्रजीत लिहिलेलं पान ओळीओळीने वाचून, खुणा करून परत देणारा माणूस मात्र बहुतेकांना अजून पुण्यातच सापडतो, आणि त्याची फी सगळ्यांना परवडत नाही.