रेडिओ खरखरतोय? आधी पेटी फिरवून बघा



हवामानाचा अंदाज सुरू व्हावा आणि नेमकी तेव्हाच रेडिओची खरखर वाढावी, हा अनुभव पुष्कळांचा आहे. "पावसाची शक्यता" एवढंच कानावर पडतं. कुठं आणि केव्हा ते कळत नाही. सकाळी फवारणी होते, दुपारी सर येते आणि औषधाचे पैसे पाण्यात जातात. म्हणून एरियलची थोडी माहिती करून घ्या.

आवाज नीट येईना की आपण रेडिओची दांडी ओढून लांब करतो. पण ती दांडी एफ.एम. आणि शॉर्टवेव्हसाठी असते. मीडियम वेव्हचं एरियल पेटीच्या आत असतं. ती एक काळसर कांडी असते आणि तिच्यावर बारीक तारेचे वेढे असतात. तिला फेराइटची कांडी म्हणतात. बहुतेक रेडिओंत ती पेटीच्या लांबीला धरून आडवी बसवलेली असते. केंद्राच्या लहरी कांडीच्या कुशीवर आल्या तर आवाज खणखणीत येतो. टोकावर आल्या तर तो बसतो.

तेव्हा असं करा :

१. रेडिओ पत्र्याच्या छपराखाली आत ठेवू नका. खिडकीत किंवा ओट्यावर आणा.

२. दिवसा केंद्र लावा. रात्री लांबची केंद्रं मध्ये घुसतात, त्यामुळे अंदाज चुकतो.

३. पेटी हळूहळू फिरवा. आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथं थांबा आणि फळीवर खडूनं खूण करा.

४. तरी खरखर राहिली तर घरातले एल.ई.डी. दिवे, मोबाइलचा चार्जर, मोटार एकेक करून बंद करून बघा. पुष्कळदा चोर घरातच सापडतो.

एफ.एम. केंद्रासाठी मात्र दांडी लागते. तिथं लहर सुमारे ३ मीटर लांबीची असते आणि तिचा चौथा भाग, म्हणजे पाऊण मीटर, दांडीला पुरतो. दांडी थोडी कमीजास्त करून, उभी-तिरपी करून बघा.

केंद्र फारच लांब असेल तर मीडियम वेव्हसाठी बाहेरून तार घेता येते. प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली १० ते १५ मीटर तांब्याची तार दोन लाकडी खांबांवर ताणा. तिचं खालचं टोक घरात आणून, कांडी असेल त्या भागावर पेटीभोवती पाच-सहा वेढे द्या आणि पुढे ओलसर जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला बांधा. तार रेडिओच्या आत जोडायची नाही. रेडिओ सेलवरच चालवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. ही तार विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून कधीही नेऊ नका. तुटून पडली तरी तिथवर पोचणार नाही, इतकी ती लांब हवी. वळवाच्या आणि पावसाच्या दिवसांत कार्यक्रम ऐकून झाला की तार उतरवून ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तिला हातसुद्धा लावू नका, घरात थांबा.

आणखी एक खूण सांगतो. मीडियम वेव्हवर मधूनच "कडाड" असा तुटक आवाज येऊ लागला, तर कुठंतरी विजा चमकताहेत असं समजा. तो आवाज वाढत गेला तर औताची जोडी सोडा, झाडाखाली उभे राहू नका आणि वेळेवर घर गाठा.

खूण केलेल्या जागी रेडिओ ठेवा आणि अंदाज ऐकूनच फवारणीचा बेत करा. राम राम!