चला, आईला घेऊन कॅराव्हॅनने जंगलात!

प्रवासाच्या दिवशी आमची आई चहा पीत नाही. पाणीसुद्धा घोट-घोट. "मला प्रवासात सोसत नाही," एवढंच ती सांगायची आणि आम्हा भावंडांना ते खरं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही सिल्वासाहून नाशिकला गेलो. परतताना तिला गाडीतच चक्कर आली. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती प्यायलात?" ती आधी गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "वाटेत जाणार कुठे?"

गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला खाली बसता येत नाही. आणि रस्त्यावरच्या शौचालयांची अवस्था तुम्हाला मी सांगायला नको. त्या लग्नानंतर तिचं एकच वाक्य ठरलेलं: "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते."

गेल्या वर्षी कोलोरॅडोत राहणाऱ्या मावसभावाने रॉकी माउंटन नॅशनल पार्कचे फोटो पाठवले. बर्फाची शिखरं आणि समोर उभी त्यांची भलीमोठी आरव्ही. आईने शिखरांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने विचारलं, "या गाडीत आत बाथरूम असतं?"

आमच्या सहलीची आखणी त्या प्रश्नापासून सुरू झाली.

कुठे जायचं?

बाबांच्या डोळ्यांपुढे थेट हिमालय होता. त्यांनी हिमाचलमधल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कची माहिती काढली. युनेस्कोच्या यादीतलं, सुंदर; पण आत मोटाररस्ताच नाही, सगळं पायी. शिवाय तिथवर पोचायलाच तीन-चार दिवस. मग दादाने नकाशा आपल्याच दारापाशी आणला. सिल्वासाहून धरमपूरमार्गे शे-सव्वाशे किलोमीटरवर, सह्याद्रीच्या उत्तर टोकाच्या डोंगरउतारांवर, अंबिका नदीकाठी वांसदा राष्ट्रीय उद्यान आहे. पूर्वी हे वांसदा संस्थानच्या राजांचं जंगल होतं. १९७९ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्रफळ जेमतेम २४ चौरस किलोमीटर, पण साग आणि बांबूची दाटी अशी, की काही ठिकाणी भर दुपारी अंधारून येतं. बिबट्या आहे, हाताच्या पंजाएवढे कोळी आहेत. जवळच वघईचं वनस्पती उद्यान आणि गिरा धबधबा. वाटलंच तर पुढे सापुतारा.

पावसाळ्यात जंगल बंद आणि उन्हाळ्यात सागाची पानगळ, म्हणून दिवाळीनंतरचा आठवडा ठरवला. दोन रात्री, तीन दिवस. पहिल्या खेपेला एवढंच पुरे.

गाडी ठरवताना

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे बराच ऐकू येतो. गाड्या भाड्याने मिळतात, बहुतेक चालकासह. आम्ही फोनवर विचारलेले प्रश्न इथे देते, तुम्हालाही उपयोगी पडतील.

परवाना कुठल्या राज्यांचा आहे? गाडी महाराष्ट्रातून येणार, आम्हाला दादरा-नगर हवेलीतून उचलणार आणि गुजरातेत नेणार. म्हणजे तिन्हीकडची कागदपत्रं हवीत. गाडीची उंची किती? रेल्वेखालचे भुयारी रस्ते आणि खाली लोंबणाऱ्या तारा यांचा हिशेब आधी करावा लागतो. आणि रात्री चालक कुठे झोपणार? हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता, आईला सुचला. त्याच्यासाठी वेगळी खोली खर्चात धरली.

आणखी एक. सिल्वासा सोडलं की गुजरात, आणि गुजरातेत दारूबंदी. आधीच्या प्रवाशाची विसरलेली बाटली एखाद्या कपाटात निघाली तर नाक्यावर पंचाईत. म्हणून गाडी ताब्यात घेताना सगळे कप्पे उघडून बघायचे, हेही यादीत लिहिलं.

रात्र कुठे काढायची?

मावसभावाकडे गाडी उभी करायची जागा सहा महिने आधी राखून ठेवता येते, आणि तेव्हाच गाडीची लांबीही विचारतात. आपल्याकडे तशी सोय अजून फार थोड्या ठिकाणी आहे. आणि राष्ट्रीय उद्यानात वाटेल तिथे गाडी लावून राहता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आत जायलाच परवाना लागतो. तेव्हा दिवसा परवाना काढून जंगल बघायचं आणि रात्री बाहेर मुक्काम करायचा, असं ठरलं.

वघईजवळच्या एका शेतघराच्या मालकांना फोन केला. कॅराव्हॅन म्हणजे काय, हे समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी म्हटलं, "काका, खोली आमची आम्ही घेऊन येतो. तुमच्याकडून सपाट जागा, नळ आणि प्लग पाहिजे. खोली फक्त चालकाला." काका हसून म्हणाले, "मग या की!"

पाणी, वीज आणि 'ते'

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. शंभर लिटरची टाकी भरली की गाडीत एक धट्टाकट्टा माणूस जास्तीचा बसला समजा. म्हणून घाट चढताना टाकी अर्धीच ठेवायची आणि मुक्कामी भरायची. दिवे-पंखे बॅटरीवर चालतात, पण एसीला बाहेरची वीज लागते. त्यामुळे शेतघरात पंधरा अँपिअरचा प्लग आहे का, हे नक्की करून घेतलं.

गाडीतल्या शौचालयाखाली सुटी होणारी पेटी असते, तिच्यात दुर्गंधी कमी करणारं द्रव्य घालतात. ती पेटी फक्त शौचालयातच रिकामी करायची. भांड्यांचं साबणाचं पाणीही वेगळ्या टाकीत साठतं. ते अंबिकेत सोडायचं नाही. आणि जंगलात शेकोटी नाही, चूल नाही. भाकऱ्या, चटणी, थालीपिठं घरूनच.

रंगीत तालीम

सगळ्यात शहाणपणाची गोष्ट दादाने केली. गाडी एक दिवस आधी मागवली आणि पहिली रात्र आमच्याच सोसायटीच्या आवारात काढली. शेजारी खिडक्यांतून बघत होते, मुलं आत-बाहेर करत होती. आणि पहिल्याच मिनिटाला कळलं, की गाडीची पायरी आईसाठी फारच उंच आहे. तिने पाय उचलून पाहिला, खाली ठेवला आणि नेहमीचं वाक्य तिच्या ओठांवर आलंच. तेवढ्यात बाबा घरात गेले आणि पूजेचा जुना लाकडी चौरंग घेऊन आले. त्याच्यावर रबरी पायपुसणं टाकलं. दाराला धरून, चौरंगावर एक पाय, मग आत दुसरा. आई चढली! दारात आतून धरायला दांडा नव्हता, तर दादाने पक्का दोर बांधला. रात्री ती दोनदा उठली, कुणालाही न उठवता. वघईच्या अंधारात हे शोधत बसलो असतो, तर काय झालं असतं?

तेव्हा मंडळी, आखणीला बसताना आधी ठिकाण ठरवू नका. घरातलं कोण "तुम्ही जाऊन या" म्हणतं, ते बघा. त्या माणसाला नेमकी कशाची अडचण आहे ते विचारा, आणि तिथून यादी सुरू करा.

निघायच्या दिवशी सकाळी सातला चौरंग गाडीत चढवला. आई आत सीटवर बसली होती, हातात रिकामा कप. मला म्हणाली, "अगं, थर्मासमध्ये अजून चहा आहे का?"